मितेशनं लिहिलेला खून

पहिला फटका खुर्चीचा होता. तो मितेशच्या कानशिलावर बसला आणि हातातलं पुस्तक लांब उडालं. दुसरा पाठीत बसला. मितेश मंचावर पालथा पडला, तेव्हा कुठं समोरचे लोक किंचाळत उठले.

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी वर्षभरात जे लिहिलं, रंगवलं, रंगभूमीवर आणलं, त्याचा पनवेलमध्ये आज कौतुकसोहळा होता. मितेश घरतच्या पहिल्याच कादंबरीला मोठा पुरस्कार मिळाला होता. सत्काराची शाल अंगावर पडून दहा मिनिटंही झाली नव्हती. त्याच शालीला धरून त्याचा थोरला भाऊ शैलेश आता त्याला फरफटत मंचाच्या कडेला नेत होता. बरोबर गावातले तिघं होते. एकाच्या हातात लोखंडी सळई होती.

"बापाला खुनी लिवतोस?" शैलेशनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. "सगला गाव थुकतोय आमच्या तोंडावर!"

कादंबरीत मितेशनं नावं बदलली होती. पण करंजाड्यापलीकडच्या त्यांच्या गावात एकही माणूस फसला नाही. बावीस वर्षांपूर्वी मिठागराच्या हद्दीवरून भांडणं चालली होती, आणि एका सकाळी शेजारचा जोमा खाडीच्या चिखलात मेलेला सापडला. मान कोयत्यानं अर्धी तोडलेली. पोलीस महिनाभर गावात येत राहिले. मारेकरी सापडला नाही. मितेशच्या बापाकडे, रामू घरतकडे, संशयानं पाहणारे पुष्कळ होते, बोलणारा कुणी नव्हता. मितेश तेव्हा आठ वर्षांचा होता. त्यानं बापाचा कोयता खाली येताना पाहिला होता. हे त्यानं घरात कुणाला कधी सांगितलं नाही. लिहिलं ते थेट पुस्तकात.

रुचिरा मॅडम पुढं धावल्या. त्यांच्या नाटकाचाही आज सत्कार होता. मितेशला पहिल्यांदा लिहायला लावलं होतं ते त्यांनीच. त्या त्याच्या अंगावर ओणव्या झाल्या. सळई त्यांच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला. तेव्हा चारपाच विद्यार्थी मंचावर चढले आणि सळईवाल्यावर तुटून पडले. त्यांनी त्याला खाली पाडून इतकं तुडवलं, की शेवटी दुसऱ्यांनाच मध्ये पडावं लागलं.

शैलेशला मात्र कुणी आवरू शकलं नाही. मितेशच्या तोंडातून रक्त येत होतं. एक दात जिभेखाली आला होता. तो थुंकून त्यानं विचारलं, "बाबांनी पाठवलं ना तुला?"

शैलेशनं पुन्हा खुर्ची उचलली. ती तशीच हवेत राहिली.

दारातून रामू येत होता. सत्तरी उलटलेला, पण ताठ. शैलेशची मुलगी दिपिका त्याचा दंड धरून चालत होती. गावातले दोघं झटकन बाजूला झाले. मितेशनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

रामू मंचावर चढला आणि त्यानं शैलेशच्या थोबाडीत मारली. खुर्ची निसटून पडली. दुसरी थप्पड पहिलीपेक्षा जोरात होती. शैलेशच्या नाकातून रक्त आलं. तो लहान पोरासारखा मागं सरकला.

"मना वाचता येत नाय," रामू लोकांकडं वळून म्हणाला. त्याला माइकची गरज नव्हती. "नातीनं तीन दिस बसून समदं पुस्तक वाचून दाखवलं. जोमाला मीच मारला."

"बाबा, गप ऱ्हा!" शैलेश ओरडला.

सभागृहात मागं कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. रामू गुडघ्यावर हात टेकत मितेशजवळ बसला. उपरण्याच्या टोकानं त्यानं मुलाच्या ओठांवरचं रक्त पुसलं. मितेश शिकायला गाव सोडून गेल्यापासून बारा वर्षांत त्यानं त्याला हात लावला नव्हता. मितेशला हुंदका फुटला.

"बाबा, मला माफ..."

"तुज्या पुस्तकात लिवलंय, आदी कोयता जोमानं उगारला," रामू म्हणाला. "मी आपला जीव वाचवाया मारला, असं लिवलंय."

मितेशनं डोळे मिटून घेतले.

"त्याच्या हातात कायबी नवतं. हात जोडून उबा व्हता तो. तू बांदामागं व्हतास. आपल्या डोल्यांनी बगितलंस. मना ठाव हाय." म्हाताऱ्याची बोटं मुलाच्या हनुवटीवर आवळत गेली. "मंग खोटं का लिवलंस?"