पाठमोरा माणूस

अपघातात यशवंतरावांची सारी स्मृती पुसली गेली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, कुसुमताईंना, बोलावलं.

"रोजच्या फोटोंतून आम्ही आठवणी परत रुजवतो. पण फोटोत काढणाऱ्याचं मनही साठतं, त्यामुळे यांनी स्वतः काढलेलेच द्या."

यशवंतरावांनी काढलेले हजारो फोटो घरी होते.

"त्यांनी कधी काढलेच नाहीत," कुसुमताई म्हणाल्या. "माझे घ्या. बावीस वर्षं रोज एक काढलाय."

झाकून ठेवलेलं ताट, रिकामी खुर्ची, संध्याकाळी अत्तर लावून दुसरीकडे निघालेले पाठमोरे यशवंतराव.

"यातले काही गाळायचे?" डॉक्टरांनी अवघडून विचारलं.

"एकही नाही."

तिसऱ्या दिवशी यशवंतराव जागे झाले ते हमसून रडतच.

"मी रोज कुणाची तरी वाट बघायचो," ते म्हणाले. "जेवण गार व्हायचं, तरी तो यायचा नाही. आला तरी माझ्याकडे बघायचा नाही. कोण होता हो तो?"

कुसुमताईंनी पर्समधला आरसा काढून त्यांच्यासमोर धरला.

यशवंतराव क्षणभर बघत राहिले आणि मग दातओठ खात ओरडले, "हाच! हाच तो मेला!"