मान खाली

"पुन्हा मागे बघतेस? मागचीचं बघून लिहितेस?" गवारे बाई कडाडल्या. तनुजाचं डोकं धरून त्यांनी वहीत खुपसलं. "मान वर दिसता कामा नये!"

प्रशिक्षणात सांगितलं होतं, वर्गभर फिरा, म्हणजे प्रत्येक मुलाकडे लक्ष जातं. म्हणून बाई हल्ली बाकांमधून फिरत शुद्धलेखन घालायच्या.

मधल्या सुट्टीत तनुजाची शेजारीण घाबरत टेबलापाशी आली. "बाई, ती कुणाचं बघत नाही. तुमचं तोंड बघते. कानातल्या मशीनमधून तिला नुसता आवाज येतो, शब्द ओठांवरून कळतात. तुम्ही मागे गेलात, की ती वळते."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानाला मशीन आहे म्हणजे ऐकू येतंच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यापाशी, तनुजासमोर उभ्या राहिल्या. पुस्तक तोंडाआड येऊ न देता त्यांनी पहिलं वाक्य सावकाश सांगितलं. सगळ्यांच्या पेन्सिली चालू लागल्या. तनुजाची मान तेवढी खालीच.

"मान वर कर गं, बाळा," बाई ओशाळून म्हणाल्या.

पण ते कळायला तिनं आधी मान वर करायला हवी होती.