पुढच्या खुर्चीवरचा रुमाल

झांबेझी नदीवर अभयारण्य दाखवणारी होडी सुटायला अर्धा तास होता. आमच्या ह्यांनी पुढच्या खुर्चीवर रुमाल टाकला. "हत्ती इथूनच नीट दिसतील. चल, तोवर चहा घेऊ."

परत आलो, तर खुर्चीत एक दांडगी बबून माकडीण बसली होती, रुमाल चघळत.

एसटीत ह्यांनी चाळीस वर्षं रुमाल दाखवून माणसं उठवली. एकदा तर तान्हं बाळ घेतलेल्या बाईलाही उठवलं. तेव्हा मी त्या जागेवर गुपचूप बसून घेतलं होतं.

"अहो, सांगा की तिला, जागा आपली आहे म्हणून," मी म्हणाले.

माकडिणीने सुळे दाखवले. हे दोन पावलं मागे सरले.

"बसू दे बिचारीला. पोटाशी पिल्लू आहे."

मी म्हटलं, "एसटीतल्या त्या बाईच्याही होतं."