पानावर आडवा धरलेला हात

"अहो, वरणभात तरी घ्या! लग्नघरी पान असं कोरडं ठेवतात का?" वाढणारे काका माझ्यापुढे थांबले होते. मी सवयीने पानावर हात आडवा धरला.

गेल्या गणपतीपासून मी भात, पोळी आणि साखर सोडली होती. ऋजुताच म्हणाली होती, "तू थोडा बारीक हो, मग मी घरी आपला विषय काढते." ऐन मोदकांच्या दिवसांत मी काकडी चावत राहिलो. पट्ट्याला नवी भोके पडत गेली, आणि प्रत्येक भोक मला तिच्या घराकडे टाकलेले पाऊल वाटले. विषय कधी निघाला नाही. शेवटी तिच्या लग्नाची पत्रिका आली.

समोरच्या पंगतीत नवरा-नवरी घास भरवायला बसली होती. नवरा माझ्या जुन्या देहाहूनही स्थूल होता. बायका खिदळल्या, "एका जिलबीनं काय होणार गं त्यांचं?" त्याने संकोचून पोटावर उपरणे ओढले. ऋजुताने त्याला जिलबी भरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मला हे असेच आवडतात. जेवा हो तुम्ही पोटभर."

नकार तिने मला त्या गणपतीतच दिला होता; मी तो इतके दिवस उपाशी राहून पाळला.

"मग, वाढू ना?" काकांनी पुन्हा विचारले.

मी हात बाजूला केला. पानावर वाकलो, तशी भाताची वाफ चष्म्यावर दाटली आणि समोरची पंगत दिसेनाशी झाली. त्या भाताचे उपकार मी विसरणार नाही.