गोचीड

स्वप्नालीनं पडद्यावरच्या म्हशीवर माऊसची टिचकी मारली आन म्हस गायब झाली. तिच्या जागी हरयाणातल्या कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या म्हशी हारीनं उभ्या राहिल्या. खाली किमती.

"दीड लाख?" मागनं तानाबाई बोलली. "तिच्या कासंकडं बघा की. च्यापुरतं दूध तरी निघतंय का?"

देवळाच्या हॉलात गावातल्या बाया दाटून बसल्या हुत्या. पडदा म्हंजी भिंतीवर खिळ्यानं ठोकल्याली चादर. वैरण बाया आणत्यात, धारा बाया काढत्यात, आन दूध संस्थेत खुर्चीवर बाप्ये बसत्यात. म्हणून बायकांची सोताची संस्था काढायची, एवढंच स्वप्नालीला सांगायचं हुतं. चौघीत बोलायचं म्हटलं की ती अडखळायची, म्हणून तिनं चित्रं आणली. लॅपटॉप दिराचा. त्याच्या बाणाच्या बटणांवर उसाचा रस सांडल्याला, ती दबतच न्हवती. म्हणून चित्र फुडं सरकवाय माऊस.

तिनं घाईघाईनं म्हशींचा बाजार बंद केला, फुडचं चित्र लावलं. दुधाचं कॅन. टिचकी मारली, तर भांड्यांचं दुकान उघडलं. ते बंद केलं. मग हातात चरवी घेऊन हसणारी एक गोरीपान बाई आली. टिचकी मारली, तर साड्या.

"थांब की जरा," तानाबाई म्हणाली. "ती हिरवी म्होरं घे. काठ बघू दे."

सगळा हॉल हसला. म्होरं बसल्याली मल्लव्वा तेवढी हसली न्हाय. गावात सगळ्यात जास्त म्हशी तिच्या. तिनं हात वर केला तर बाया हात वर करणार, ती उठली तर बाया उठणार. असं हुतं ते.

मल्लव्वानं पदर झटकला.

"म्हशी झाल्या, भांडी झाली, आता साड्या. संस्था काढत्यास का आमच्या गळ्यात काय बांधाय बोलिवलंयस? मी चालले. धारंचा वकुत झाला."

ती गुडघ्यावर हात टेकून उठाय लागली. तशी मागं पिशव्यांची आवराआवर सुरू झाली.

"न्हाय वो अज्जी," स्वप्नाली आडवी आली. "मी काय बी विकत न्हाय. ही चित्रं मी नेटवरनं उचलली. जिथनं उचलली तिथला पत्ता बी त्यांच्या आंगाला चिकटून आलाय. हात लागला की आपल्याला वडून तिकडंच नेतंय."

मल्लव्वा अर्धी उठल्याली तशीच ऱ्हायली.

"चिकटून आलाय?"

"व्हय."

"आन वरनं दिसत न्हाय?"

"न्हाय दिसत."

"मग गोचीड म्हण की," मल्लव्वा म्हणाली. "बाजारातनं आणल्यालं जनावर तसंच दावणीला बांधलंस व्हय? आदी आंग चाचपावं, गोचीड काढावं, मग गोठ्यात घ्यावं. आईनं शिकिवलं न्हाय?"

"म्हशीचं शिकिवलंय. ह्याचं कोण शिकिवणार?"

"निघतंय का पर?"

निघत हुतं. स्वप्नालीनं म्हशीच्या चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबलं. एक यादी खाली लोंबली. त्यातली 'रिमूव्ह लिंक' ही ओळ तिनं दाबली आन परत टिचकी मारून दावली. म्हस कुठं पळाली न्हाय. गुमान बाजूला झाली आन कॅन आलं.

"सर बाजूला," मल्लव्वा म्हणाली.

तिनं कोंबडीचं पिल्लू धरावं तसा माऊस धरला. स्वप्नालीनं ओळ दावायची, मल्लव्वानं दाबायचं. कॅनचं गोचीड निघालं. बाया उठून टेबलाभवती गोळा झाल्या.

"राकेल आणू का अज्जे, ह्यास्नी बुडवाय?" तानाबाई म्हणाली. "साडीचं तेवढं ऱ्हाऊ दे. ते माझं मी काढते."

"तू काय काढत्यास. तू नेसूनच येशील."

हसणाऱ्या बाईचं गोचीड निघालं. मल्लव्वाला आता चव लागली. तिनं फुडचं चित्र घेतलं, उजवं बटण दाबलं. यादी लोंबली, पर ती ओळ त्यात न्हवती. तिनं परत दाबलं. न्हाय.

"हिला का न्हाय गं?"

"ती बाजारातली न्हाय अज्जी," स्वप्नाली म्हणाली. "तुमच्या गोठ्यात येऊन मीच काढलाय फोटो. वर बघा तरी."

मल्लव्वानं मान वर केली. चादरभर तिची गौरी म्हस उभी हुती. कपाळावर चांद, एक शिंग जरा खाली, मागं गवऱ्या थापल्याली भिंत. मल्लव्वा बघतच ऱ्हायली. मग बायांकडं वळली.

"आमच्या दावणीला गोचीड नसतंय," ती म्हणाली.

चित्रं परत पयल्यापासनं लागली. टिचक्या मल्लव्वाच मारत हुती. म्हस आली, कॅन आलं, हसणारी बाई आली, गौरी आली. मधी कुठलं दुकान न्हाय, कसला बाजार न्हाय. गौरीवर येऊन ती थांबली, फुडं जाईना.

स्वप्नाली टेबलाच्या म्होरं आली.

"तर मग, बायकांची संस्था काढाय ज्या तयार हायत, त्यांनी हात वर करा."

कुणीच हात हलिवला न्हाय. सगळ्या मल्लव्वाकडं बघाय लागल्या. तिचा उजवा हात माऊसवर तसाच हुता, आन नजर चादरीवर. मग तिचा डावा हात वर गेला. बांगड्या खळकन कोपरापतुर घसरल्या.

"डावा चालत आसंल तर बघ," ती म्हणाली. "उजवा गुतलाय."