दुसरं पान

"मलाही ऐकू येतात की," आई म्हणाली. "हे जाऊन वर्ष झालं. रोज दुपारी यांचा आवाज येतो. त्यात काय एवढं?"

डॉक्टरांनी मान डोलावली. हसले नाहीत. मनाच्या आजारांच्या या दवाखान्यात असल्या बोलण्याला कुणी हसायचं नाही, हा त्यांनीच घालून दिलेला दंडक होता.

शेजारच्या खुर्चीत मुलगा बसला होता. वय तिशीच्या आसपास, धंदा शिंप्याचा. बापाच्याच मशीनवर बसायचा. दोन महिन्यांपासून मेलेला बाप त्याच्याशी बोलत होता. झोप उडाली होती, गालफडं बसली होती. बहिणीने धोसरा काढला म्हणून आई त्याला इथे घेऊन आली होती. नाहीतर तिच्या मते यात दवाखान्यापर्यंत येण्यासारखं काही नव्हतं. बाप मेला म्हणून काय बोलायचा थांबतो?

डॉक्टरांसमोर छापील फॉर्म होता. दोन पानांचा. तोही त्यांनीच तयार केलेला. पहिल्या पानावर सातवा प्रश्न होता: घरातल्या इतरांचीही हीच समजूत आहे का? उत्तर 'हो' आलं, की ती श्रद्धा समजायची, आजार नव्हे. मग दुसरं पान भरायचं नाही. झोपेच्या गोळ्या द्यायच्या आणि पंधरा दिवसांनी बोलवायचं.

यामागे एक म्हातारी होती. देव आपल्याशी बोलतो, असं ती म्हणायची. तरुणपणाच्या गुर्मीत डॉक्टरांनी तिला वेडी ठरवलं आणि वॉर्डात ठेवलं. तिच्या घरातले सगळेच देवाशी बोलायचे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. तीन महिन्यांनी म्हातारी घरी गेली, ती मुकी होऊन. देवाशी नाही आणि माणसांशीही नाही. दुधाने तोंड पोळलं, तेव्हापासून डॉक्टर ताकही फुंकून पीत होते. शिकाऊ डॉक्टरांना ते नेहमी सांगायचे, "पाचामुखी परमेश्वर. घरातले पाच जण म्हणतात ना, मग तुम्ही कोण नाही म्हणणारे?" पोरं हसायची आणि वहीत लिहून घ्यायची.

"घरात आणखी कुणाला ऐकू येतात वडील?" त्यांनी विचारलं.

"ऐकू मलाच येतात. पण मानतात सगळे. माझी मुलगीसुद्धा." आई आता जरा सैल झाली होती. आपल्याला कुणी वेड्यात काढत नाही, हे तिला कळलं होतं. "आणि खरं सांगू का डॉक्टरसाहेब, आता याचं बरंच सुधारलंय. मधे मशीनला हात लावत नव्हता. या आठवड्यात बसून सगळं साठलेलं काम संपवलं. ज्याचे कपडे त्याला घरपोच देऊन आला. नवीन काही घेतलं नाही, म्हटलं, घेऊ दे जरा विसावा."

"चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सातव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं.

मुलाने मान वर केली. तोंड उघडलं, मिटलं. डॉक्टर पेन हातात धरून थांबले. घाई करायची त्यांना सवय नव्हती.

"तुमचं बटण सुटायला आलंय," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी कोटाकडे पाहिलं. दुसरं बटण खरंच एका धाग्यावर लोंबत होतं. आई हसली, डॉक्टरही हसले. नजर शाबूत, भान शाबूत. त्यांनी तसं लिहिलं, कार्डावर पुढची तारीख घातली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पंधरा दिवसांनी, दिलेल्या वेळी, आई एकटीच आली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं.

"मुलगा कुठे आहे?"

"गेला, डॉक्टरसाहेब. मंगळवारी. स्वतःच्या हाताने गेला." तिचे डोळे कोरडे होते. "कार्डावर तारीख होती, म्हणून आले. न कळवता चुकवणं बरं दिसत नाही."

जे पंधरा दिवसांपूर्वी विचारायचं होतं, ते डॉक्टरांनी आता विचारलं. "वडील त्याला काय म्हणायचे?"

"'काम आटप आणि ये.' रोज हेच म्हणायचे. बहिणीला चिठ्ठी लिहून ठेवली होती त्याने, त्यात होतं."

डॉक्टरांनी त्याची फाइल काढली. पहिलं पान भरलेलं होतं, अक्षर नेहमीसारखं सुबक. त्यांनी ते उलटलं. दुसरं पान कोरं होतं. वरचा पहिलाच प्रश्न त्यांच्याच शब्दांत छापलेला होता: आवाज काय सांगतो?

चूक कुणाची, हे त्यांना कळत होतं. तरीही एकट्याने ती उचलण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

"मावशी, तुम्ही तरी त्याला कधी विचारलं नाहीत?"

"कशाला विचारू?" ती म्हणाली. "मला हे रोज 'जेवलीस का' विचारतात. वाटलं, त्यालाही तेच विचारत असतील."