वरचं बटण

नदीवरचा पूल उडवला, त्या वर्षीची गोष्ट. शहर शत्रूच्या ताब्यात होतं आणि शिवणकामावर जगणाऱ्या मायलेकींना शत्रूचेच गणवेश दुरुस्त करावे लागत होते. लेकीचा धाकटा भाऊ आपल्या फौजेतून डोंगरापलीकडे लढत होता.

शत्रूचा एक शिपाई दर आठवड्याला कोटाचं वरचं बटण हातात घेऊन यायचा.

"पुन्हा तुटलं?" लेक विचारायची.

"कोट जुना झालाय."

"कोट कोरा करकरीत आहे. बटण ओढून तोडलंय. घट्ट लावून देऊ का?"

"घट्ट लावलंत तर येऊ कसा?"

आतून आई खाकरायची. "त्यांच्या कोटाला सुई लावतेस तेवढं पुरे. मान वर करू नकोस." पण तोवर मान वर झालेली असायची.

त्याला आघाडीवर जायचा हुकूम आला, त्या दिवशी खाकी दोरा संपला होता. तिनं निळा दोरा दुहेरी घेऊन बटण लावलं. "आता नाही तुटायचं."

हिवाळ्यात शहर सुटलं आणि भाऊ सुखरूप परतला, तो शत्रूचा कोट घालूनच.

"ताई, छातीवरचं भोक तेवढं रफू कर गं. आणि हे निळ्या दोऱ्याचं बटण काय चिवट! मेलेल्याच्या अंगावरून काढताना बोटं सोलली माझी."

आई गेली, भाऊ म्हातारपणापर्यंत तोच कोट घालत राहिला; आणि बिनलग्नाची ताई दर हिवाळ्यात त्याचं वरचं बटण उसवून पुन्हा लावत राहिली, जरा सैलच.